सातव्या महिन्यातला ‘ब्रेक’: जागतिकीकरणाने चाकणच्या कंत्राटी कामगाराला काय दिले?

भामाकाठ (धागाकर्ता):
आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे तेव्हाचे महासंचालक हुआन सोमाविया यांनी १९९९ मध्ये ‘प्रतिष्ठेचे काम’ ही कल्पना मांडली. रोजगार, कामावरचे हक्क, सामाजिक सुरक्षा आणि मालक-कामगार संवाद हे तिचे चार पाय. त्यातला पहिला पाय परदेशी भांडवलाने चाकण-तळेगाव पट्ट्यात आणला, हे मला मान्य आहे. उरलेले तीन कुठे अडकले, एवढेच विचारायचे आहे.

माझ्या शेजारच्या खोलीत लातूर-बुलढाण्याकडची पाच मुले राहतात, सगळी आयटीआय झालेली. अंथरुणे तीनच, एक जण पाळीला निघाला की दुसरा त्याच अंथरुणावर येऊन पडतो. सात महिने भरले की ठेकेदार ‘ब्रेक’ देतो. त्यामुळे सलग सेवेचे २४० दिवस कधीच पूर्ण होत नाहीत आणि कामावरून कमी करताना नोटीस किंवा भरपाई देण्याचा प्रश्न उरत नाही. मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाचा गेटपास मिळतो, कधी कधी त्याच कंपनीत आणि त्याच मशिनवर. युनियनचे नाव काढलेल्याला ब्रेकनंतर फोन येत नाही, असे ही मुले सांगतात.

सुटेभाग:
मी याच पट्ट्यात सुट्या भागांचा छोटा कारखाना चालवतो, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातूनच बोलतो असे समजा. मोठी कंपनी दरवर्षी दर उतरवून मागते. पोलाद महागले तरी आमचा भाग स्वस्तच व्हायला हवा. मी नाही म्हटले तर ते काम गुजरातमधल्या साणंदला किंवा व्हिएतनामला जाते. मागणी दोन महिन्यांत निम्म्यावर येते तेव्हा कायम माणसांचा पगार कुठून काढायचा? कांद्याच्या बाजारापलीकडे चाकणचे नाव कोणाला ठाऊक होते? शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ठरावीक मुदतीच्या कामगारालाही कायम कामगाराइतकेच लाभ आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी दिली आहे. तक्रार जुन्या काळाची वाटते.

वसुधा:
सुटेभाग, ती तरतूद कंपनीने थेट मुदतीवर घेतलेल्या कामगारासाठी आहे आणि धाग्यातला मुलगा ठेकेदाराच्या पटावर आहे. तो थेट घेतला गेला, तरी सात महिन्यांच्या करारात एका वर्षाची ग्रॅच्युइटी कशी मिळणार? सरकारी परवानगीविना कामगारकपात किती मोठ्या कारखान्याला करता येते, ती मर्यादा त्याच संहितांनी १०० कामगारांवरून ३०० वर नेली, हे सांगायचे तुम्ही सोडलेत.

जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथले उत्पादन थांबले. पुढे तो ह्युंदाईने घेतला. यंत्रांना आणि जमिनीला गिऱ्हाईक मिळाले. कामगारांचा वाद मात्र कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला. आणि हे कायम कामगार होते! भांडवलाला पासपोर्ट लागत नाही, कामगाराला घराचे हप्ते असतात. विषमता मला इथेच दिसते.

भामाकाठ:
मागणीच्या चढउताराचे उत्तर आपल्याकडे १९६९ पासून आहे. माथाडी कायद्यात हमाल कोणा एका मालकाचा नसतो, मंडळाकडे नोंदलेला असतो. ज्याच्याकडे काम झाले तो मजुरीबरोबर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के जादा रक्कम, मंडळाकडे भरतो आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी चालते. मालक रोज बदलला तरी हक्क खात्यावर साठत जातात. पाठीवर पोते वाहणाऱ्यासाठी हे जमले, तर फिटरसाठी का जमू नये?

सुटेभाग:
माथाडीचे नाव काढलेत म्हणून सांगतो, या पट्ट्यात त्याच नावाने खंडणी मागणारेही फिरतात आणि त्याचा त्रास आम्ही सोसला आहे.

वसुधा:
खंडणीखोरांना पोलिसांनी धरावे. त्यांच्यापायी मंडळाची कल्पना का बुडवायची?

सुटेभाग:
ठीक, कल्पनेशी माझे भांडण नाही. पण लेव्ही माझ्या खिशातून गेली तर मी बुडेन. ती गाडी विकणाऱ्याच्या दरात धरली गेली तरच हे चालेल. पुढच्या महिन्यात आमची दरकपातीची बैठक आहे. दरपत्रकात ‘कामगार कल्याण’ अशी वेगळी ओळ घालून पाहतो. तिच्यावर कोणी काट मारली, ते इथे येऊन लिहीन.