टॉवेल वाचवून विमानाचा धूर फिटतो का?

उभा_पाऊस (धागाकर्ता):
हॉटेलच्या न्हाणीघरात पाटी असते: 'टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा.' ती वाचणारा पाहुणा आदल्या रात्री दहा तास विमानात बसून आलेला असतो! पर्यावरणाला जपून सुट्टी घालवायच्या गप्पा या पाटीपाशी सुरू होतात आणि विमानाचा विषय निघायच्या आत संपतात. बांबूचा ब्रश, स्वतःची बाटली, कापडी पिशवी, सगळं चांगलंच. पण लांबच्या विमानप्रवासापुढे ही चिल्लर आहे. माझं मत: लांब जायचंच तर क्वचित जा, आणि गेलात की भरपूर राहा. दरवर्षी चार-चार दिवसांच्या उड्या मारण्यापेक्षा काही वर्षांतून एकदाच, पण निवांत. एरवी रेल्वे किंवा बसने पोचता येईल तिथे जावं. बिझनेस क्लास तर नकोच. ती एक खुर्ची साध्या दोन-तीन खुर्च्यांची जागा खाते, म्हणजे धुरातला वाटाही तेवढाच वाढतो.

सुसाट:
असहमत. जगभरात माणूस हवेत सोडतो त्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा जेमतेम २.५ टक्के. उरलेल्या ९७.५ टक्क्यांवर कधी धागा येणार? आणि 'भरपूर राहा' म्हणणं सोपं आहे हो, सलग रजा कोण देतं?

उभा_पाऊस:
२.५ टक्के बरोबर, पण तो धूर सोडतं कोण? २०१८ सालच्या विमानप्रवासावरचा एक अभ्यास सांगतो की त्या वर्षी जगातली फार तर ११ टक्के माणसं विमानात बसली, आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या धुराला साधारण १ टक्का लोक कारणीभूत होते. म्हणजे हा आकडा लहान दिसतो, कारण बहुतेक जग अजून जमिनीवरच आहे. शिवाय उंचावर विमानामागे ज्या पांढऱ्या रेघा उमटतात, त्या बर्फकणांच्या ढगांमुळे होणारी तापमानवाढ या २.५ मध्ये धरलेलीच नाही. रजेचं मात्र मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

झुळूक:
मी तिकिटाबरोबर झाडं लावायचे पैसे भरते. तेवढं पुरत नाही का?

उभा_पाऊस:
धूर आज सुटतो, झाडाला तो शोषायला काही दशकं लागतात. मध्येच वणवा लागला किंवा कुणी कुऱ्हाड चालवली, तर ती पावती तेवढी हातात राहते. भरा जरूर, पण त्या जोरावर आणखी एक सहल काढू नका.

रानवाटा:
धागाकर्ते, तुमचा सगळा हिशोब धुराचा आहे. जंगल कशावर टिकतं, हे त्यात कुठेच नाही. आफ्रिकेतल्या रवांडातले डोंगरी गोरिला घ्या. १९८० च्या दशकात रवांडा आणि शेजारच्या देशांत पसरलेल्या विरुंगा पर्वतरांगेत ते अडीचशेच्या आसपास उरले होते. २०१८ मध्ये विरुंगा आणि युगांडातलं ब्विंडी जंगल मिळून संख्या हजारापुढे गेली आणि 'अतिसंकटग्रस्त' यादीतून त्यांची एक पायरी सुटका झाली. यात पशुवैद्य आणि पहारेकऱ्यांची मेहनत मोठी, पण त्यामागे पर्यटकांचा पैसाही आहे. रवांडात २०१७ पासून गोरिला पाहायच्या एका परवान्याला १,५०० डॉलर पडतात. राष्ट्रीय उद्यानाच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा आसपासच्या गावांना मिळतो. उद्यानाच्या हद्दीला लागून बटाट्याची शेतं आहेत. पाहुणे थांबले तर ती शेतं पुढे सरकायला किती वेळ लागेल? आणि तिथे जगभरातून रेल्वेने कसं पोचायचं, तेही सांगा.

उभा_पाऊस:
उदाहरण भारी आहे, पण ते माझ्याच बाजूचं वाटतं. एका गोरिलाकुटुंबाकडे दिवसाला आठच जण, तेही एकच तास. हा संयम किती ठिकाणी आहे? थायलंडच्या माया बे या चिमुकल्या किनाऱ्यावर दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं उतरायची. बोटींच्या नांगरांनी प्रवाळ मोडलं. जून २०१८ मध्ये किनारा बंद केला, तो जानेवारी २०२२ मध्ये उघडला. मधल्या काळात काळ्या टोकांच्या परांचे शार्क परत आले, कारण माणसं आली नाहीत.

रानवाटा:
म्हणजे दोष येण्याचा नाही, संख्येचा आहे. पाच हजार सुसंस्कृत माणसं उतरली असती, एकानेही कचरा टाकला नसता, तरी प्रवाळ मेलंच असतं. आता तिथे बोटींना खाडीत येऊ देत नाहीत, माणसांवरही मर्यादा आहे. पर्यटकाच्या सद्वर्तनावर विसंबण्यापेक्षा असे नियम हवेत.

कोरडा_ढग:
आणि मर्यादा घातली की दर वाढतो, हे दोघंही सोयीस्कर विसरताय. भूतानने २०२२ मध्ये भारतीय सोडून इतर परदेशी पाहुण्यांसाठी एका रात्रीची फी २०० डॉलर केली, पुढच्याच वर्षी ती १०० वर आणावी लागली. फीवरच सगळं सोडलं तर निसर्ग फक्त पैसेवाल्यांचा, आणि सर्वाधिक विमानं उडवणारेही तेच! सोडत काढा त्यापेक्षा. (अवांतर: सोडतीत माझा नंबर कधीच लागत नाही, तरी म्हणतोय.)

सुसाट:
सोडत चालेल. रेल्वेचं मात्र नियम करूनही जमत नाही. फ्रान्सने २०२३ मध्ये अडीच तासांत रेल्वेने पोचता येईल तिथली देशांतर्गत विमानं बंद केली. बंद झाले किती मार्ग? तीन.

रानवाटा:
तीन तर तीन. माझ्यापुरतं सांगतो: बुकिंग करताना तीन गोष्टी विचारतो. गट केवढा, वाटाड्या तिथलाच का, आणि परवान्याच्या पैशातून गावाला काय मिळतं. उत्तर देताना समोरचा अडखळला तर ती सहल रद्द. विमानाचं मात्र मला अजूनही पटलेलं नाही.