मदत हवी आहे: कार्बोरेटर बदलल्यापासून ऑटोमॅटिकचे गिअर लवकर पडतात

राम राम मंडळी, जळगावहून लिहितोय. काकांची १९६७ ची डॉज डार्ट आहे: २२५ स्लँट सिक्स (तिरपं बसवलेलं सहा सिलिंडरचं) इंजिन, टॉर्कफ्लाइट ९०४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. जुना होली १९२० कार्बोरेटर (इंजिनला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग) झिजला म्हणून दुसरा सिंगल बॅरल, म्हणजे एकाच नळीचा, बसवला. इंजिन मस्त चालतंय, पण वरचे गिअर फार लवकर पडतात, आणि कन्नड घाटात पाय पूर्ण दाबला तरी गाडी खालच्या गिअरला येत नाही. शिवाय दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना क्षणभर स्लिप होते.

कार्बच्या लिव्हरपासून गिअरबॉक्सच्या लिव्हरपर्यंत एक रॉड जातो. नव्या कार्बच्या लिव्हरवर हा रॉड अडकवायची पिन जुन्यापेक्षा आत आहे. त्यामुळे फुल थ्रॉटलला (पाय पूर्ण दाबल्यावर) गिअरबॉक्सवरचा लिव्हर मागे टोकापर्यंत पोचत नाही, साधारण बोटभर कमी पडतो. या रॉडवरच आतला थ्रॉटल प्रेशर (पाय किती दाबलाय त्यानुसार बदलणारा तेलाचा दाब) ठरतो, म्हणजे असंच चालवलं तर दाब कमी पडून गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा घसरून जळणार. मिस्तरी म्हणतो, "चालस ना, मंग चालू दे भाऊ!" त्याचा हात मॅन्युअल गाड्यांवर बसलेला. म्हणून सध्या गाडी उभीच आहे.

रॉडची लांबी वाढवून भागेल, की पिनची जागाच बदलावी लागेल? मला वाटतं पिनच बदलावी लागेल, कारण लांबी वाढवली तर आयडललाही (पाय न दाबता इंजिन चालू असताना) गिअरबॉक्सचा लिव्हर मागे सरकलेला राहील. कोणी लेथवर असा लिव्हर करून घेतलाय का? भुसावळ-धुळ्याकडे कोणी जाणकार असेल तरी सांगा.