मदत हवी आहे: १४ वर्षांची साखर, माळ्यावरचे डंबेल्स आणि 'नस'

नमस्कार मंडळी,

बाबा ६३ वर्षांचे, साखर १४ वर्षांपासून. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि बीपीची एक गोळी चालू आहे. तीन महिन्यांची साखर ७.९. रोज ४० मिनिटं चालतात, त्यात खंड नाही. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "काका, मांड्या वाळल्यात. नुसतं चालून भागणार नाही, एक दिवस आड वजनाचा व्यायाम करा." बाबा एकेकाळी तालमीत जायचे. दुसऱ्याच दिवशी माळ्यावरचे डंबेल्स खाली आले.

आईचा ठाम विरोध. शेजारच्या काकूंनी सांगितलंय, "साखरवाल्यांच्या नसा कडक झालेल्या असतात, जोर लावला की फुटतात." आता आमच्याकडे पायाला मुंग्या आल्या तरी नस, पोटरीत गोळा आला तरी नस. त्यामुळे वाद नेमका कशावर चाललाय तेच कळेना.

मी थोडं वाचलं. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्याने वाहिनी सैलावते (१९९८ चं वैद्यकाचं नोबेल याच शोधाला होतं). साखर चढी राहिली की अस्तराचं हे काम मंदावतं, व्यायामाने सुधारतं. पण श्वास रोखून जोर लावला तर बीपी एकदम वर जातं, असंही वाचलं. मग ऐकायचं कुणाचं? कुणी घरी अनुभव घेतलाय का?

प्रतिसाद १
मी फिजिओथेरपिस्ट आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण आधी सांगा, डोळ्याचा पडदा शेवटचा कधी तपासला? चष्म्याचा नंबर नव्हे, थेंब घालून बाहुली मोठी करून. जुन्या मधुमेहात पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवू शकतात. त्यावर उपचार झाले नसतील तर जोर लावताना डोळ्यात रक्तस्राव होण्याचा धोका असतो. काकू अगदीच चुकलेल्या नाहीत, फक्त जागा चुकली.

तोवर खुर्चीतून ऊठबस आणि भिंतीला टेकून जोर, एवढंच. उठताना श्वास सोडायचा, कुंथायचं नाही. ग्लिमेपिराइडवर साखर उतरू शकते, म्हणून ग्लुकोज हाताशी ठेवा. अनवाणी नको.

प्रतिसाद २
चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबलं की बरं वाटतं, असं होतं का? होत असेल तर घोट्याचं आणि दंडाचं बीपी ताडून बघतात. गुणोत्तर ०.९ च्या खाली आलं तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची शंका. मात्र जुन्या साखरेत धमन्या कडक झाल्या की आकडा फसवा, म्हणजे जास्तच येतो. तो डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. पडदा कधीच तपासलेला नाही! चष्म्याच्या दुकानात नंबर काढला, तेवढाच. शनिवारची वेळ घेतली आहे. डंबेल्स आईने परत माळ्यावर टाकले. बाबा खुर्चीतून ऊठबस करताहेत आणि आकडे मोजायला मला बसवलंय. पोटऱ्यांचं विचारलं तर म्हणाले, "चढावर भरतात, पण ते वयाचं आहे." आजवर एका शब्दाने बोलले नव्हते. ती घोट्याची तपासणी नेहमीच्या डॉक्टरांकडे होते, की वेगळीकडे जावं लागतं?