मदत हवी आहे: नाटकातल्या तलवारींना नावं काय द्यावी?

नमस्कार मंडळी,
गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या गावात मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, पोरं मिळून नाटक बसवतात. यंदा लिहायचं काम माझ्याकडे आहे. काळ १७५१ च्या आसपासचा, चांद्याचं गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं तेव्हाचा. पात्रं काल्पनिक. तिघांकडे तलवारी आहेत: गोंड जमीनदाराची मुलगी, भोसल्यांचा शिलेदार आणि पठाण जमादार. दुसऱ्या अंकात तिघंही आपापल्या तलवारीला नावाने हाक मारतात.

शिलेदाराचं जमलं. भवानी, जगदंबा, तुळजा ही शिवाजी महाराजांच्या तलवारींची नावं, ती दुसऱ्या कोणाच्या कमरेला मला पटत नाहीत. २०२५ मध्ये आपल्या सरकारने लंडनच्या लिलावातून पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार आणली. तिचं पातं सरळ, युरोपात घडवलेलं, आणि त्यावर देवनागरीत ‘सेनासाहेब सुभा’ या किताबासह रघुजींचं नाव आणि ‘फिरंग’ हा शब्द कोरलाय. माझा शिलेदारही ‘माझी फिरंग’ एवढंच म्हणेल.

जमादारासाठी सगळे झुल्फिकार सुचवतात. पण ती हजरत अलींची. गावात मुसलमान घरं आहेत, ते नाव मारामारीत स्टेजवर आपटलेलं मला नको. ‘बर्क’, म्हणजे वीज, कसं वाटतं? उर्दू जाणणाऱ्यांनी सांगावं.

खरा पेच मुलीच्या तलवारीचा आहे. रावणाला शंकराने दिलेली चंद्रहास डोक्यात होती, कारण आमच्याकडे काही गोंड गावांत रावणाला मान आहे. पण नाव पडलं संस्कृत, या मुलीच्या तोंडी परकं वाटतं. मग ‘जंगो’ सुचलं, गोंडांच्या जंगो रायताड देवीवरून. तालमीत पोरांच्या अंगावर काटा आला. तरी धाकधूक आहे. तिसऱ्या अंकात शत्रू ती तलवार हिसकावून पायाखाली घेतो, आणि समोर बसलेले अर्धे लोक गोंड असतील. देवीचं नाव असं वापरावं का?

प्रतिसाद
दादा, मी कोरची भागातला गोंड आहे. जंगो नको. तुमचा भाव चांगला आहे, पण पायाखालचा प्रसंग आमच्या म्हाताऱ्यांना बघवणार नाही. प्रसंग ठेवायचाच असेल तर आधी भुमक, म्हणजे आमचा पुजारी, आणि गावातल्या जाणत्यांना वाचून दाखवा.

प्रतिसाद
पराक्रमावरून नाव द्या ना. जपानच्या राजचिन्हांतल्या कुसानागीचं मूळ नाव वेगळं होतं. कथेत राजपुत्र यामातो ताकेरूला शत्रूने गवतात घेरून आग लावली, त्याने याच तलवारीने गवत कापून जीव वाचवला. तेव्हापासून ती ‘गवत कापणारी’. तुमच्या मुलीलाही पहिल्या अंकात असं काही करू द्या, म्हणजे नाव लोकांच्या डोळ्यांदेखत पडेल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. जंगो काढलं. पहिल्या अंकात आता ती वैनगंगेच्या घाटावर रात्री शत्रूच्या डोंग्यांचे दोर कापते आणि डोंगे धारेला लागतात. तलवारीचं नाव ‘दोरतोडी’. कोरचीवाले दादा, हे गोंडीत तुमच्याकडे कसं म्हणतील? त्या मुलीच्या तोंडी मला गोंडीच नाव हवंय, आणि उच्चार पोरांना शिकवायला तुमचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला तर फार बरं होईल. तालीम रोज रात्री जेवणानंतर असते.