'बा' म्हणजे वडील की 'ये'?

प्रश्न (जत, जि. सांगली) : आम्ही वडिलांना 'बा' म्हणतो, शेजारच्या कन्नडभाषक आजी मात्र हातात शेंगदाण्याची चटणी घेऊन दारातून 'बा' म्हणाल्या, की त्याचा अर्थ 'ये' असे. दोहोंचे मूळ एकच असेल काय?

उत्तर (मिरज) : नाही. कन्नड द्राविडी कुळातली असून तिच्यातील 'बा' हे 'बरु' या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप आहे. व्हिएतनामीत 'बा' म्हणजे 3. चिनीत वरच्या सपाट सुरातला 'बा' म्हणजे 8, तर उतरत्या सुरातला म्हणजे चक्क वडील!

उत्तर (सातारा) : आकड्यांचे साम्य निव्वळ योगायोगाचे, वडिलांचे तसे नसावे, कारण मिटलेले ओठ उघडताच निघणारा हा उच्चार तान्ह्या मुलांना कुठेही लवकर साधतो.