पूर्वी एका पगारात भागायचं, आता दोन पगारात घर का होत नाही?

लालबागकर
माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात होते. पगार सातशेच्या आसपास, खोलीचं भाडं १८ रुपये, त्यात आम्ही चार भावंडं शिकलो, गावाला मनीऑर्डर जायची आणि गणपतीला सगळे कोकणात. आता मुलगा ६५ हजार आणि सून ४५ हजार कमावते, तरी कळव्यात ७० लाखाचा वन बीएचके बघून दोघं गप्प बसलेत. १४ लाख हातात हवेत, उरलेल्या ५६ लाखाला साडेआठ टक्क्याने वीस वर्षं महिन्याला ४८-४९ हजार हप्ता, स्टॅम्प ड्युटी वेगळीच. लालबागचं तर नावच काढत नाहीत, जिथे त्याचा आजोबा चालत कामाला जायचा. मला मनापासून वाटतं तो काळ सामान्य माणसासाठी जास्त चांगला होता.

नळावरची_पोर
दादा, तुम्हाला भाडं आठवतंय, मला नळ आठवतो. पहाटे चारला आई उठायची कारण पाणी साडेपाचला जायचं. मजल्याला चार संडास, रात्री पोटात दुखलं तर मुलींनी कोणाला तरी सोबत उठवायचं. रॉकेलच्या लाईनीत माझी अख्खी सुट्टी गेलीये. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आठ जण, बाबा आणि काका गॅलरीत झोपायचे, पावसाळ्यात सगळे आत. ते स्वस्त होतं कारण बायकांच्या कष्टाचा हिशोब कोणी लावलाच नाही. मला आज हप्ता भरताना जीव जातो पण माझ्या घरात माझा संडास आहे, मी परत जाणार नाही.

पागडीवाला नाही
आणि ते १८ रुपये तरी कोणाला मिळायचे? १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, ज्याच्या नावावर भाड्याची पावती होती तो सुटला. नंतर आलेल्याला पागडी, म्हणजे भाड्याव्यतिरिक्त एकरकमी पैसे, मोजल्याशिवाय खोली मिळत नव्हती. माझे वडील साताऱ्याहून आले ते गाववाल्यांच्या खोलीत राहिले, दिवसपाळीवाले कामावर गेले की रातपाळीवाले त्याच जागेवर अंग टाकणार, जेवण खानावळीत. आणि मालकाला भाडंच मिळेना म्हणून त्याने इमारतीला हात लावला नाही, म्हणूनच तर १९६९ ला जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. स्वस्ताई होती पण ती कोणाच्या तरी खिशातून आणि भिंतीतून येत होती.

डोंबिवली फास्ट ट्रॅक
चाळ बाजूला ठेवा, विकत घेतलेल्या घराचं बोलूया. मी १९९४ ला डोंबिवलीत वन रूम किचन घेतलं, दोन लाख दहा हजार, पगार ४२०० म्हणजे बरोबर ५० पगार. लालबागकरांच्या मुलाचं घर त्याच्या पगाराच्या हिशोबात १०७ पगारांचं होतंय. आता कोणी म्हणेल तेव्हा व्याज किती होतं, बरोबर आहे, मला दीड लाखाला १५ टक्के लागले आणि हप्ता २१०० म्हणजे अर्धा पगार जायचा, तीन वर्षं आम्ही नवीन कपडे घेतले नाहीत. पण तो अर्धा पगार *एकाचा* होता हो. आज अर्ध्याच्या आसपास जातोय तो दोघांचा मिळून, आणि त्यात बाळ झालं आणि एकीने नोकरी सोडली की सगळं कोसळतं. मुलांना कष्ट नकोत असं म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर करावा.

नळावरची_पोर
हे मात्र पटलं. हप्त्यामुळे आम्ही दुसऱ्या मुलाचा विचारच सोडला.

गिरणीचा भोंगा
मुद्दा जमिनीचा आहे आणि तोच कोणी काढत नाहीये. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, १९९१ च्या शहराच्या बांधकाम नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे ढोबळ तीन भाग ठरले होते, एक मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. २००१ ला सरकारने बदल केला की हे वाटप फक्त मोकळ्या जमिनीवर, म्हणजे बांधकाम असलेली जमीन त्यातून गेली. हायकोर्टाने २००५ ला अडवलं, सुप्रीम कोर्टाने २००६ ला मालकांच्या बाजूने दिलं. शहराच्या मधोमध एवढी जमीन परत मिळणार नव्हती. चाळीतले हाल खरेच होते ताई, पण संडास घरात यायला घर कर्जतला जायची गरज नव्हती.

पागडीवाला नाही
म्हाडाला भाग मिळाला असता तरी लॉटरीच लागली असती ना, लाखात काहींना घर आणि बाकीचे तिथेच.

गिरणीचा भोंगा
काहींना तरी परळमध्ये मिळालं असतं.

लालबागकर
सगळ्यांचं वाचून आईला फोन केला, ८४ वर्षांची आहे. ती म्हणाली नळाचं त्या मुलीचं खरं आहे, माझे गुडघे त्या जिन्यांनीच गेले. मी शीर्षकात चांगला काळ असं लिहिलं नाही ते बरं झालं, पोस्टमध्ये लिहिलंय ते मागे घेतो. पण वडील पाळी संपली की दहा मिनिटात घरी असायचे आणि आमचा अभ्यास घ्यायचे. मुलगा कळव्याचं घर घेणार नाही म्हणतोय, बदलापूरला ४२ लाखात बघतोय, ऑफिस अंधेरीला. येऊन जाऊन चार तास धरा.