मोफत कायदा सल्ला केंद्रात नोंदणीच्या टेबलावर बसायचंय, काय तयारी करू?

कळवा_पूर्व:
एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ठाण्यातल्या एका मोफत सल्ला केंद्रात पुढच्या शनिवारपासून बाहेरच्या टेबलावर बसणार आहे. आत दोन वकील, माणशी साधारण १५ मिनिटं. बाहेर काय विचारायचं, काय लिहून द्यायचं आणि कुठे थांबायचं? शिवाय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (मोफत वकील देणारी सरकारी यंत्रणा) कोणाला पाठवायचं, आणि उत्पन्नाचा दाखला सगळ्यांकडून मागायचा का?

रोजनामा:
हकीकत ऐकायच्या आधी समोरच्या पक्षाचं नाव विचारा आणि जुन्या रजिस्टरमध्ये दोन्ही नावं शोधा. नवरा मागच्या शनिवारी सल्ला घेऊन गेला असेल, तर आज आलेल्या बायकोला त्याच वकिलापुढे बसवता येत नाही. अर्धी हकीकत लिहून झाल्यावर हे कळून काही उपयोग नसतो.

मग कागद. लोक प्लास्टिकच्या पिशवीत लाइटबिल, लग्नपत्रिका आणि कोर्टाचं समन्स एकत्रच आणतात. तारीख असलेले कागद वेगळे काढा, जुन्यापासून नव्यापर्यंत लावा आणि प्रत्येकाची तारीख फॉर्मवर उतरवा. पाकीट फेकू देऊ नका. नोटिशीवर तिची तारीख असते, ती हातात कधी पडली याचा अंदाज पाकिटावरच्या शिक्क्यावरून येतो, आणि मुदत बरेचदा तिथूनच सुरू होते. फॉर्मच्या डोक्यावर लाल पेनाने ‘शेवटची मुदत’ लिहा. ज्याची सर्वांत जवळ, तो आधी आत. टोकन नंबर काहीही असो.

केस आधीच चालू असेल तर सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाने त्या केसला दिलेला ओळख क्रमांक, घ्या. तो १६ अक्षर-अंकांचा असतो, ठाणे जिल्ह्याचा ‘एमएचटीएच’ने सुरू होतो. ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि टप्पा दिसतो. ‘वकील म्हणाले चालू आहे’ एवढ्यावर जाऊ नका. कधी कधी निकाल लागून गेलेला असतो.

मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत. स्वतःच्या फोनवर फोटो तर अजिबात नाही. झेरॉक्स घ्या, मूळ कागद तिथल्या तिथे परत द्या.

सीबीडीकर:
मुदतीचं निघालंच आहे तर चेक बाउन्स नीट पाठ करा, कारण चूक तिथेच जास्त होते. बँकेकडून चेक न वटल्याचं कळलं त्या दिवसापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. लोक चेकवरच्या तारखेपासून मोजतात, ते चूक. म्हणून रिटर्न मेमो (चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी) कधी हातात आला ते विचाराच. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. १५ दिवस पुरे व्हायच्या आत टाकलेली तक्रार टिकत नाही. शेवटच्या महिन्यात उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडून माफ करून घेता येतो, पण नोटिशीचे ३० दिवस हुकले तर त्याला अशी माफी नाही. (पैसे वसुलीचा दिवाणी दावा उरतो, पण ती वेगळी वाट.)

नोटिशीत चेकवरचीच रक्कम नेमकी मागायची. व्याज, खर्च सगळं एकत्र करून एकच मोठा आकडा टाकला की नोटीसच बाद व्हायची भीती. खात्यात चेक भरला असेल तर तक्रार चेक घेणाऱ्याची बँक शाखा ज्या कोर्टाच्या हद्दीत तिथे होते. म्हणजे माणूस नेरुळचा आणि खातं कामोठ्याच्या शाखेत, तर पनवेल. तेव्हा पासबुकाचं पहिलं पान झेरॉक्समध्ये घ्या.

स्पीड पोस्टची पावती जपायला सांगा आणि पोहोचल्याची ऑनलाइन नोंद लगेच प्रिंट करून घ्यायला लावा. ती कायम दिसत नाही.

मावळता_शनिवार:
दाखल्याबद्दल: सगळ्यांकडून मागा. नंतर अडचण नको.

रोजनामा:
नको, असं करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२ बघा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली माणसं, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे, आणि तिथेही कलम १३ प्रमाणे उत्पन्नाचं शपथपत्र पुरेसं धरता येतं. घरकाम करणाऱ्या बाईला ‘आधी तहसीलचा दाखला आणा’ म्हणून परत पाठवलं की तिचा एक दिवसाचा पगार बुडतो, आणि बहुतेक ती पुन्हा येत नाही.

सीबीडीकर:
पाठवताना जिल्हा बघा. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे, पनवेल रायगड. पोलीस आयुक्तालय दोन्हीकडे नवी मुंबईचंच, म्हणून गोंधळ होतो. रायगडवाल्यांना ठाण्याला पाठवू नका, पनवेल कोर्टातली तालुका विधी सेवा समिती सांगा. कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात मात्र ती बाई सध्या जिथे राहते, अगदी तात्पुरती माहेरी असली तरी, तिथेही अर्ज चालतो. तिला सासरच्या गावी जायला सांगू नका. कोणाला नुसतं विचारायचं असेल तर १५१०० हा विधी सेवेचा मोफत नंबर.

कळवा_पूर्व:
आभार. व्हॉट्सॲपवरचे पुरावे कसे लिहून घेऊ? आणि ‘माझी केस जिंकेन का?’ विचारलं तर?

रोजनामा:
चॅट डिलीट करू नका आणि फोन बदलू नका, हे आधी सांगा. नुसत्या स्क्रीनशॉटच्या प्रिंटवर भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, ते वकील बघतील. तुम्ही फॉर्मवर फोन कोणाचा, नंबर कोणता आणि कोणत्या तारखांचे मेसेज, एवढंच लिहा.

जिंकण्या-हरण्याचं उत्तर तुमच्याकडून जायचं नाही. ‘आत विचारा’ म्हणा. कोणी कोऱ्या कागदावर सही करून देऊ लागलं तर परत करा. आणि ओळखीच्या वकिलाचं कार्ड टेबलावर ठेवू नका. केंद्र मोफत, पण वकिलाची फी ‘नंतर बघू’ असं दिसलं की लोक दुसऱ्यांदा फिरकत नाहीत.